एएसआयओ-फॉर-ऑल रामबाण नाही

विंडोजवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडलं आणि ‘ऑडिओ ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम) सापडला नाही’ असा मेसेज आला, की एक ठरलेला सल्ला हमखास मिळतो. एएसआयओ-फॉर-ऑल (ASIO4ALL) नावाचा प्रोग्राम टाका, तोच खरा ड्रायव्हर. मग उपकरणाच्या कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही, लेटन्सीही, म्हणजे आवाज ऐकू येण्यातला उशीरही, जाते. तरीही अडलं तर विंडोज नव्यानं टाका. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण यातला एकेक मुद्दा तपासला तर फार थोडं हाती उरतं.

‘मेसेज आला म्हणजे ड्रायव्हर नाही.’ इथूनच घोळ सुरू होतो. सॉफ्टवेअरला कळतं ते एवढंच, की मागितलेला ड्रायव्हर उघडला नाही. का उघडला नाही, हे ते बहुधा सांगत नाही. केबल सैल असेल, जुना प्रोजेक्ट ज्या इंटरफेसवर (माइक, गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणावर) केला तो आता जोडलेलाच नसेल, किंवा दुसऱ्या प्रोग्रामनं उपकरण अडवून ठेवलं असेल. बरेच एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचे खास ड्रायव्हर, एका वेळी एकाच प्रोग्रामला दाद देतात. मागे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर मिनिमाइझ करून ठेवलेलं असलं तरी तेवढं पुरतं.

म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा. उपकरणावर पिवळा त्रिकोण आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘कोड २८’ असेल तर ड्रायव्हर खरोखरच टाकलेला नाही. ‘कोड १०’ म्हणजे उपकरण सुरूच होत नाहीये. आणि यादीत उपकरणाचा मागमूसही नसेल, तर केबल, हब आणि पोर्ट बघा. काही यूएसबी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. इंटरफेसचा दिवा मात्र झकास लागतो, त्यामुळे केबलवर कुणाचा संशयच जात नाही.

‘एएसआयओ-फॉर-ऑल हाच खरा ड्रायव्हर.’ एएसआयओ ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि ऑडिओ उपकरण यांना थेट जोडणारी, स्टाइनबर्ग या ऑडिओ सॉफ्टवेअर कंपनीनं १९९७ मध्ये आणलेली पद्धत. इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर त्या हार्डवेअरसाठीच लिहिलेला असतो. एएसआयओ-फॉर-ऑल हा नुसता दुभाषा आहे: खाली विंडोजचा नेहमीचा डब्ल्यूडीएम ड्रायव्हर, वर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, आणि मध्ये हा. खालचा ड्रायव्हरच नसेल तर हा बोलणार कुणाशी? कोड २८ असताना तो टाकला, तर सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नाव येतं, पण त्याच्या पॅनेलमध्ये तुमचं उपकरण नसतं. ते पॅनेल मात्र बघण्यासारखं आहे. ‘अनअव्हेलेबल’ दिसलं तर बहुधा दुसरं कुणीतरी उपकरण धरून बसलंय. ‘बियाँड लॉजिक’ अशीही एक अवस्था आहे. उपकरण विचित्र वागतंय, बंद करून चालू करून बघा, एवढाच तिचा अर्थ. नाव ठेवणाऱ्याचा वैताग समजू शकतो.

‘मग कंपनीचा ड्रायव्हर कशाला?’ हा मुद्दा सगळ्यांत जास्त फसवतो, कारण इंटरफेसमधून गाणी व्यवस्थित वाजत असतात. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा, म्हणजे बऱ्याच यूएसबी इंटरफेसना चालणारा, ड्रायव्हर आधीच येतो. इंटरफेस जोडला, आवाज आला, सगळं ठीक वाटलं. पण तो एएसआयओ ड्रायव्हर नव्हे. म्हणून ब्राउझरमध्ये आवाज येतो आणि एएसआयओ मागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत इंटरफेस नसतो. कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घेतला की बहुतेकदा काम होतं. मॉडेल जुनं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: ३२ बिटचा एएसआयओ ड्रायव्हर ६४ बिटच्या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

‘लेटन्सी जाते.’ हे अर्धं खरं. विंडोजचा मिक्सर टाळला जातो, त्यामुळे विंडोजच्या एमएमई या जुन्या ऑडिओ पद्धतीपेक्षा फरक नक्की पडतो. पण उशीर ठरतो मुख्यतः बफरवर, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) पुढे पाठवण्याआधी किती साठवले जातात त्यावर. ४४,१०० हर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ११.६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.९, आणि हे एका बाजूचं (नुसतं आत येण्याचं किंवा बाहेर जाण्याचं), आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरचा व यूएसबीचा वेळ वेगळा. चांगला एएसआयओ ड्रायव्हर असलेल्या इंटरफेसवर दुभाषा घालून काहीच मिळत नाही.

एएसआयओ-फॉर-ऑलचा खरा उपयोग वेगळाच आहे. यूएसबी माइक एका उपकरणावर आणि हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला असतील, तर एएसआयओमध्ये सहसा एका वेळी एकच ड्रायव्हर निवडता येतो. एएसआयओ-फॉर-ऑल दोन्ही उपकरणं एकत्र दाखवू शकतो. दोन्ही उपकरणांच्या आतली घड्याळं वेगळी असल्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज सरकण्याची किंवा मध्येच टकटक येण्याची शक्यता असते, पण गाण्याचा कच्चा आराखडा रेकॉर्ड करायला चालतं.

मॅकवाल्यांनी या सल्ल्याच्या वाटेला जाऊच नये. तिथे अ‍ॅपलची स्वतःची ऑडिओ व्यवस्था, कोअर ऑडिओ, असते, एएसआयओचा संबंधच येत नाही. उपकरण दिसत नसेल तर कंपनीच्या ड्रायव्हरला सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये परवानगी द्यायची राहिली आहे का, ते बघा.

‘नाहीतर विंडोज नव्यानं टाका.’ याचा कधीकधी गुण येतो, कारण जुन्या ड्रायव्हरच्या अर्धवट नोंदी पुसल्या जातात. त्या नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) ‘एएसआयओ’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असतात. तेवढ्यासाठी आख्खं मशीन पुसायची गरज नाही. ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, इंटरफेस काढा, रीस्टार्ट करा, ड्रायव्हर पुन्हा टाका आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल जोडा. तरीही दिसलं नाही तर तोच इंटरफेस, तीच केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही उमटलं नाही, तर बिघाड केबलमध्ये किंवा इंटरफेसमध्ये आहे.