56 आणि 100: एका फॉरवर्डचा चुकलेला हिशेब

कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या आणि उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘भावांनो, डायल-अप मोडेम 56 चा होता, लॅन 100 ची. म्हणजे जेमतेम दुप्पट! त्यात जुना मोडेम 115200 दाखवायचा. तार तेव्हाही तांब्याची, आताही तांब्याचीच. आणि 100 च्या लॅनवर फाइल जाते 11 नं. बाकीचे 89 कुठं गेले?’

डायल-अप मोडेम म्हणजे टेलिफोन लाइनवरून इंटरनेट जोडणारी जुनी डबी, लॅन म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं केबलचं जाळं. पहिली गोची एककाची. 56 हे सेकंदाला किलोबिट, 100 हे मेगाबिट, म्हणजे 1 लाख किलोबिट. 1 लाखाला 56 नं भागा: फरक दुप्पट नाही, जवळपास 1,785 पट आहे. शिवाय 56 हा पाटीवरचा आकडा. चांगल्या लाइनवर मोडेम 44 ते 50 ला जोडला जायचा. 8 बिटांचा एक बाइट, म्हणून 48 धरले तरी सेकंदाला 6 केबी (किलोबाइट). 700 एमबीची सीडी त्या वेगानं उतरवायला 32 तासांवर लागतात. रविवारी सकाळी 8 ला लावलेली फाइल सोमवारी दुपारी 4 नंतर पुरी होणार, तीही मध्ये कुणी पॅरलल फोनचा रिसीव्हर उचलला नाही तर. तीच फाइल 100 च्या लॅनवर मिनिटभरात जाते.

115200 हा टेलिफोन लाइनचा वेग नव्हेच. कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या सिरियल पोर्टचा तो वेग. व्ही.42बिस या डेटा दाबण्याच्या पद्धतीनं साधा मजकूर लाइनवरून दाबून यायचा आणि मोडेममध्ये फुलायचा, म्हणून पोर्ट लाइनपेक्षा वेगवान ठेवत. झिप, एमपी3, जेपीजी आधीच दाबलेल्या, तिथं फायदा शून्य. खरा आकडा बघायचा तर बऱ्याच मोडेमांना एटीडब्ल्यू2 ही आज्ञा द्यावी लागे. (सिरियल पोर्ट इतिहासजमा झाला असं समजू नका. आरएस-232 या सिरियल पोर्टवर 9600 च्या वेगानं प्रोग्रॅम घेणारं जुनं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन सेकंदाला हजार अक्षरंसुद्धा घेत नाही. डायल-अपची चाल अनुभवायची असेल तर तिथं उभं राहा.)

आता तांब्याचा मुद्दा. त्यात निम्मं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. पण डायल-अपला अडवलं ते तांब्यानं नाही, टेलिफोन एक्स्चेंजनं. आवाजासाठी साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी पुढं जायची. एक्स्चेंज आवाज डिजिटल करताना सेकंदाला 8000 नमुने घ्यायचं, प्रत्येकी 8 बिट, म्हणजे एका कॉलला 64 किलोबिट, त्याच्यावर काही नाही. दोन्ही टोकांना अॅनालॉग असेल तर मोडेम 33.6 ला थांबायचा. 1998 च्या व्ही.90 या मोडेम मानकानं 56 गाठले ते इंटरनेट कंपनी एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेली असायची म्हणून, आणि तेही फक्त डाउनलोडला, अपलोड 33.6 च. ऑफिसात मध्ये ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज) असला की अॅनालॉग-डिजिटल असं एक रूपांतर वाढायचं आणि 56 तिथंच संपायचे. पुढं तारांच्या त्याच जोडीवर एडीएसएल ब्रॉडबँडनं मेगाबिट दिले, कारण त्याचं यंत्र आवाजाच्या फिल्टरआधीच सिग्नल उचलतं. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरून लाइन खरखरली की मोडेम वेग उतरवायचा. तेवढा दोष तारेचा खरा.

लॅनमध्ये एक्स्चेंज नाही, अंतर फार तर 100 मीटर.

राहिले ‘गायब’ 89. फाइल कॉपीचा 11 हा आकडा मेगाबाइटचा आहे. 100 भागिले 8 म्हणजे 12.5. दर 1460 बाइट मालामागे पत्ता-तपासणीचा मजकूर धरून तारेवर 1538 बाइटांची जागा जाते, म्हणून उरतात 11.9. विंडोज 1024 च्या हिशेबानं मोजतं, तिथं 11.3 दिसतं. कुणी काही चोरलेलं नाही.

मात्र कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड आणि केबली जोडायचा स्विच दोन्ही गिगाबिट (1000 मेगाबिट) असताना 11 दिसत असेल तर तक्रार रास्त आहे. आधी नेटवर्क स्टेटसमध्ये लिंक स्पीड बघा. 100 एमबीपीएस असेल तर बहुतेकदा केबलमधल्या निळ्या किंवा तपकिरी तारांच्या जोडीत घोळ असतो. 100 ला प्लगच्या पिन 1, 2, 3, 6 पुरतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. प्लगमध्ये तारा बसवायच्या टी568बी मानकाचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काहीजण जोड्या ओळीनं एकापाठोपाठ बसवतात. दोन्ही टोकं सारखी, त्यामुळं स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागतात; पण 3 आणि 6 एकाच पिळाचे राहत नाहीत, सिग्नल एकमेकांत मिसळतो आणि डेटाची पाकिटं गळतात. पीळ 13 मिमीपेक्षा जास्त उघडू नका. केबल वेल्डिंग मशीनच्या किंवा थ्री-फेजच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

आणि केबल खरंच तांब्याची आहे का? गुजरीत सोनं कसोटीवर घासून घेणारा माणूस केबलचं बंडल मात्र डोळे मिटून उचलतो. स्वस्त बंडलात अॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते बंडल कॅमेऱ्यांच्या पीओईला (त्याच केबलमधून वीज पुरवायला) तर लावूच नका, रोध जास्त असल्यानं तापतं आणि लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही.