वडिलांच्या ऑपरेशनला रजा हवी असेल, तर आजारी आपण पडायचं?

शाळेत काम करणाऱ्या माणसाने शाळा चालू असताना रजा मागितली की एक ठरलेला प्रश्न येतो, "मे महिन्यात काय करत होता?" पालक विचारतात, संस्थेची मंडळी विचारतात, कधीकधी घरचेसुद्धा विचारतात. मी सांगली जिल्ह्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. सेवापुस्तकं, मस्टर, रजेचा हिशोब, शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीवरची बिलं असं सगळं माझ्या टेबलावर असतं. कोण कधी रजा मागतं, अर्जात काय लिहितं आणि खरं कारण काय असतं, हे तिन्ही मला दिसतं. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

आधी त्या मे महिन्याचं बोलू. माणसाचं दुखणं सुट्टी बघून येत नाही. केमोच्या तारखा डॉक्टर देतात. जमिनीच्या मोजणीची नोटीस भूमी अभिलेखवाले पाठवतात, कोर्टाची तारीख कोर्ट देतं, पोरीच्या कॉलेजप्रवेशाच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात असतात. बाळंतपणाला तर कुणी थांब म्हणू शकत नाही. आणि आम्ही लिपिक, शिपाई मे महिन्यातही शाळेतच असतो. निकाल, दाखले, नवे प्रवेश, पटाची माहिती ही कामं तेव्हाच येतात. पण गावात आम्हीही "शाळेतले", म्हणजे दोन महिने सुट्टीवर असलेले.

आता मूळ मुद्दा. आमच्या एका सरांच्या वडिलांची बायपास मिरजेत ठरली. डिसेंबर सुरू झालेला, वर्षाच्या किरकोळ रजा संपलेल्या. सर एकुलते एक, आई थकलेली. ऑपरेशन, आयसीयूतले दिवस, घरी आणल्यावरचे पहिले काही दिवस, असे मिळून दोन-अडीच आठवडे तरी त्यांना हवे होते. अर्ज घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या खात्यावर काय आहे ते सांगा."

खात्यावर भरपूर होतं. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, हे राज्य सरकारच्या १९८१च्या रजा नियमांपासून चालत आलेलं आहे. खाजगी शाळांच्या सेवाशर्तींची नियमावलीही १९८१चीच, आणि रजेची रचना त्याच वळणाची. सरांची इतक्या वर्षांची ही रजा जवळपास अखंड पडून होती. खाजगी कामासाठी ती घेता येते, मात्र त्या दिवसांचा पगार अर्धा. हीच रजा परिवर्तित करून घेतली तर पूर्ण पगार मिळतो आणि एका दिवसाला खात्यातून दोन दिवस वजा होतात. पण परिवर्तित रजेला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि ते कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजाराचं. वडिलांच्या आजाराचं चालत नाही.

म्हणजे रजा आहे, सरांनीच कमावलेली आहे, कारण सगळ्या गावाला माहीत आहे, हॉस्पिटलचे कागद हातात आहेत. तरी पूर्ण पगारी रजा हवी असेल तर त्यांनी स्वतः आजारी असल्याचं लिहून द्यायचं. कंबरदुखी, टायफॉइड, मणक्याचा त्रास. स्टाफरूममध्ये तसा सल्ला देणारे निघालेच. एक ओळखीचा डॉक्टरही तयार होता. सर नको म्हणाले. अर्ध्या पगारावर रजा घेतली, अर्जात वडिलांचं ऑपरेशन असं स्पष्ट लिहिलं आणि गेले. त्या महिन्याचं बिल मीच काढलं. पतसंस्थेची कपात आणि घराचा हप्ता पूर्णच जातो, तो अर्धा होत नाही. औषधांच्या दुकानातलं बिलही अर्धं होत नाही. खरं लिहिण्याची किंमत त्या माणसाने रोख मोजली आणि ती मोजताना मी टेबलाच्या अलीकडे बसून होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेतल्या माणसाला खरं कारण लिहून रजा मागता आली पाहिजे. आज बहुतेकांना ती सोय नाही. माझ्या कपाटातल्या फायलीत "तब्येत ठीक नसल्याने" आणि "घरगुती कारणास्तव" या दोन वाक्यांखाली काय काय पुरलेलं आहे ते मला माहीत आहे. सासूचा कॅन्सर आहे. नवऱ्याचं दारू सोडवण्याचं केंद्र आहे. लेकीचा मोडलेला संसार आहे, तिला आणायला बापाने जायचं होतं. या माणसांना त्या दिवसांत आधार हवा होता, आणि आम्ही त्यांच्याकडून मागितलं ते फिटनेस सर्टिफिकेट.

सगळ्यांची बाजू घेऊन मी हे लिहीत नाही. आमचा भाग द्राक्षाचा. ऑक्टोबरात फळछाटणी आली की काहींची कंबर हमखास धरते, आणि तालुक्यातला कुणी ना कुणी त्यांना बागेत पाहतोच. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर असताना तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून सहलीला गेलेलेही मी पाहिले आहेत. हे चूक आहे. वर्गात पोरं बसून राहतात, बदली तासाला गेलेला माणूस त्यांना फार तर शांत बसवतो, आणि ज्या पोराला घरी शिकवणारं कुणी नाही त्याचा तो धडा कायमचा जातो. गावच्या जत्रेला एक दिवस जावं, त्यासाठी किरकोळ रजा आहे. पण आपल्या सोयीसाठी वर्ग उघडा टाकणाऱ्याला अडवायलाच हवं.

मात्र अडवणार कसं? बागेत जाणाऱ्याच्या हातातही कंबरदुखीचा कागद आणि बापाच्या उशाशी बसणाऱ्याच्या हातातही तोच कागद. खोटं बोलणं हीच वाट ठेवली की मुख्याध्यापकांना या दोघांत फरक करता येत नाही. मग ते सगळ्यांकडेच संशयाने बघतात. यात सर्वात जास्त भरडला जातो तो ज्याला खोटं बोलायचं नसतं.

आणखी एक सांगते. दुसऱ्याची काळजी घेणं हे पूर्ण पगारी रजेचं कारण होऊ शकतं, हे शासनाने स्वतःच मान्य केलेलं आहे. २०१८ साली बालसंगोपन रजा आली. महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत संपूर्ण सेवेत १८० दिवस. पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही. फार चांगला निर्णय, त्यासाठी झगडलेल्या बायकांचे आभार. पण लेकराची काळजी हे कारण असेल तर आईबापाची का नाही? आजारी नवऱ्याची, बायकोची का नाही? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना बघायला घरचंच माणूस लागतं. मिरजेत हॉस्पिटलं पुष्कळ, कर्नाटकातून लोक येतात, पण पेशंटजवळ थांबायला नर्स येत नाही, सून किंवा मुलगाच थांबतो.

बालसंगोपन रजाही सुखासुखी मिळत नाही. आमच्या एका मॅडमची मुलगी दहावीला होती आणि मॅडम स्वतः दहावीला गणित शिकवत होत्या. मुलगी परीक्षेच्या भीतीने रात्र-रात्र झोपत नव्हती. मॅडमनी फेब्रुवारीत पंधरा दिवस मागितले. उत्तर मिळालं, "परीक्षेनंतर बघू." परीक्षा तर दोन्हीकडे एकच होती. मला दोन्ही बाजू कळतात. पन्नास पोरं त्यांच्याकडे बघत होती हेही खरं. शेवटी मॅडमनीच तोड काढली. जानेवारीत शनिवारी दुपारी जादा तास घेऊन सराव संपवला, शंकांसाठी रोज संध्याकाळी अर्धा तास फोनवर यायचं कबूल केलं, आणि मग रजा मिळाली. पण ती तोड शाळेने काढायला हवी होती.

कारण शाळेला माणसाशिवाय चालवता येतं, हे आपण सगळे पाहतो. निवडणूक आली की शिक्षक प्रशिक्षणाला, मग मतदानाला, मग मोजणीला जातात. जनगणना आणि आपत्तीतली मदत याही कामांना जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये ही तीनच अशैक्षणिक कामं ठेवली आहेत. त्याच कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरवायला सांगितलं आहे, ते दिवसही भरतात. तहसीलचा आदेश आला की वेळापत्रक दुपारपर्यंत बदलून तयार होतं. हीच तत्परता सरांच्या वडिलांसाठी का दाखवता येऊ नये?

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांचं दुखणं निराळं. एक गुरुजी रजेवर गेले की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे, पोषण आहार बघायचा, ऑनलाइन माहिती भरायची. तिथला माणूस रजा मागताना वरिष्ठांपेक्षा आपल्या जोडीदारालाच घाबरतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर रजा हा प्रकारच नाही, तास घेतला तर पैसे.

आणि आमचे शिपाई मामा. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांत शिपायाचं नियमित पद भरलं जात नाही, माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी शाळेला भत्ता. आमच्याकडे मामा एकटेच उरले आहेत. कुलूप, घंटा, पाण्याची टाकी, टपाल, बँक, सगळं त्यांच्यावर. मामांच्या खात्यावर अर्जित, म्हणजे साठत जाणारी पूर्ण पगारी रजा आहे, दर १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होतात. पण नातवाच्या बारशाला एक दिवस हवा होता तेव्हा ते उसने पैसे मागायला आल्यासारखे दारात उभे राहिले. त्या दिवशी घंटा मी दिली. काही बिघडलं नाही.

२०१९ चा ऑगस्ट इथं कुणी विसरलेलं नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आमच्या काही माणसांच्या घरातला गाळ अजून निघालेला नव्हता. भिंती ओल्या, धान्य सडलेलं, मुलांची दप्तरं वाहून गेलेली. ती घरं धुण्यासाठी त्यांनी किरकोळ रजा टाकल्या, आणि डिसेंबरात लेकराला ताप आला तेव्हा खात्यावर शून्य होतं.

"रजा हा हक्क नाही" हे वाक्य बहुतेक मुख्याध्यापकांना पाठ असतं, आणि नियमात ते आहेच. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की शिल्लक असलेल्या आणि मागितलेल्या रजेचा प्रकार मंजूर करणाऱ्याला आपल्या मनाने बदलता येत नाही. हा भाग कुणी वाचून दाखवत नाही. म्हणून माझ्या सहकाऱ्यांना सांगते, अर्ज लेखी द्या, रजेचा प्रकार त्यात लिहा, आवक क्रमांक घ्या. तारीख आधी कळली असेल तर त्याच दिवशी सांगा. कोणता धडा कुठपर्यंत झाला, आपले तास कोण घेणार, हे सोबत जोडा. असा अर्ज नाकारणं मुख्याध्यापकांनाही जड जातं.

आमच्या आधीच्या मुख्याध्यापिका बाईंनी एक चांगली पद्धत ठेवली होती. जूनच्या पहिल्या सभेत त्या एक वही फिरवायच्या. वर्षभरात ज्याला जे आधीच माहीत आहे ते त्याने लिहायचं. बाळंतपण, ठरलेलं लग्न, डोळ्याचं ऑपरेशन, कोर्टाच्या तारखा. ज्याला सर्वांसमोर लिहायचं नसेल त्याने बाईंना एकट्यात सांगायचं. मग वेळापत्रक त्या वहीसमोर बसून व्हायचं, म्हणजे गणिताचे दोघं एकाच आठवड्यात बाहेर जायचे नाहीत. त्यांच्या काळात आयत्या वेळच्या रजा खूप कमी झाल्या, हे मी मस्टरवरून सांगते. सरकारी आदेश, निधी, काहीही लागलं नव्हतं. बाई निवृत्त झाल्या आणि वही कपाटात गेली.

संघटनांच्या निवेदनांत जुनी पेन्शन असते, ऑनलाइन कामांचा बोजा असतो, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा असते. सगळे मुद्दे खरे आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काळजीच्या रजेचा मुद्दा मी अजून एकाही निवेदनात वाचलेला नाही. मागणी साधी आहे. आई, वडील, सासू, सासरे, पती, पत्नी किंवा मूल यांच्या गंभीर आजारात, त्यांच्या हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावर, कर्मचाऱ्याला परिवर्तित रजा मिळावी. वर्षाला दिवसांची मर्यादा घाला, कागदपत्रं तपासा, हवं तर हॉस्पिटलला फोन करून खात्री करा. रजा त्याच्याच खात्यातून, एकाला दोन या हिशोबाने जाणार आहे. आणि रजा पंधरवड्यापेक्षा लांबली तर गावातल्या एखाद्या डीएड-बीएड झालेल्या मुलाला किंवा मुलीला तेवढ्या काळापुरतं तासिकेवर घेण्याचा अधिकार शाळेला द्या. अशी शिकलेली, रिकामी बसलेली मुलं प्रत्येक गावात आहेत.

एका पानाचा मसुदा मी तयार केला आहे. पुढच्या महिन्यात तालुक्याची बैठक आहे, तिथे शिक्षक आणि शिक्षकेतर दोन्ही संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना देणार आहे. ज्यांना आपला अनुभव त्याला जोडायचा असेल त्यांनी मला मेसेज करा. नाव नको, शाळा नको. किती दिवस हवे होते, अर्जात काय लिहिलं आणि खरं कारण काय होतं, एवढं पुरे.