मासे पोहत आहेत, म्हणून नदी निर्धोक ठरत नाही

मोबाइलवर वारंवार पुढे पाठवला जाणारा एक मजकूर असे सांगतो की, नदीत मासे पोहत असतील तर पाण्यात शिसे, कॅडमियम किंवा पारा नाही, कारण असता तर मासे मेले असते. पाणी पिण्याच्या मानकात बसले की माशांनाही ते चालते. जड धातू तळाशी बसून राहतात. आणि एवढे करूनही काही उरलेच तर हळद-मीठ लावून, धुऊन, शिजवल्यावर ते निघून जाते. या चारही विधानांपैकी एकही टिकत नाही.

मेलेले मासे एकाएकी तरंगू लागतात ते बहुतेक वेळा सांडपाण्यामुळे पाण्यातील प्राणवायू संपल्याने. धातूंचे काम सहसा इतके उघड नसते. कॅडमियम माशाच्या कल्ल्यांत कॅल्शियमच्याच वाटेने शिरतो, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम घटते. कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे सुजतात, एकमेकांना चिकटतात आणि श्वासाचा पृष्ठभाग कमी होतो. असा मासा पावसाळ्यात तग धरतो, पण उन्हाळ्यात नदी आटून प्राणवायू कमी पडला की प्रथम तोच दगावण्याचा धोका असतो, आणि त्याचा मृत्यू प्राणवायूच्या खात्यावर जमा होतो. तांब्याचा परिणाम तर याहूनही सूक्ष्म आहे. एका माशाची कातडी फाटली की तिच्यातून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्याच्या वासाने आसपासचे मासे सावध होतात. परंतु लिटरमागे अवघे काही मायक्रोग्रॅम तांबे असलेल्या पाण्यात काही तास ठेवलेल्या कोहो सामन या माशाच्या पिलांना हा इशारा नीट कळेनासा झाला. ती पिले जिवंत होती, पोहतही होती, फक्त शिकारी आल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.

पिण्याच्या मानकाचा मुद्दा इथेच कोसळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम आहे. वरच्या प्रयोगांतले प्रमाण याहून कमी होते. जस्ताची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जलचरांसाठी घातलेली मर्यादा, काठिण्य (कॅल्शियम-मॅग्नेशियम क्षारांचे प्रमाण) लिटरला १०० मिलिग्रॅम असलेल्या पाण्यात, सुमारे ०.१२ मिलिग्रॅम आहे आणि काठिण्य घटले की ती आणखी खाली येते. माणूस पाणी पितो. माशाचे रक्त मात्र एका अतिपातळ पडद्याआडून रात्रंदिवस त्या पाण्याला भिडलेले असते.

‘जड’ या शब्दाने तिसरा गैरसमज पोसला आहे. पाण्यात विरघळलेला धातू वजनाने बुडत नाही. गाळाच्या कणांना चिकटलेला धातू तळाशी जातो हे खरे, पण तिथे तो निजून राहत नाही. प्राणवायू नसलेल्या गाळातील जीवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात, म्हणजे शरीरात सहज शोषल्या जाणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात, गाळातील अळ्या तो घेतात, अळ्यांकडून तो मृगळ-सायप्रिनससारख्या तळाशी चरणाऱ्या माशांत आणि लहान मासे खाणाऱ्या मरळीत अधिकाधिक साठत जातो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ड्रायडेन येथील कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा वॅबिगून नदीत सोडला. १९७० मध्ये तेथील व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, आणि अर्धशतक उलटल्यावरही त्या नदीतील माशांत पारा सापडतो. मासे तिथे आजही पोहतात.

धुण्या-शिजवण्याबद्दल एवढेच मान्य करता येईल की शिसे आणि कॅडमियम मुख्यतः यकृत, मूत्रपिंड, कल्ले व हाडांत साठत असल्यामुळे आतडी-कल्ले काढून टाकण्याचा काही उपयोग होतो. मिथाइल पारा मात्र मांसातील प्रथिनांना बांधलेला असतो. तो हळदीने सुटत नाही, उकळून उडत नाही, उलट पाणी आटल्याने तुकड्यातील त्याचे प्रमाण थोडे वाढू शकते. जपानमधील निइगाता येथे आगानो नदीचे मासे खाणाऱ्या कुटुंबांत १९६५ मध्ये पाऱ्याची विषबाधा उघडकीस आली. मला या मजकुरातील हे शेवटचे आश्वासन सर्वांत घातक वाटते, कारण मिथाइल पारा आईच्या गर्भाशयातील वार (अपरा) ओलांडून गर्भापर्यंत पोचतो, आणि आपल्याकडे मरळीचे कालवण अशक्त माणसाला आणि बाळंतिणीला ताकद यावी म्हणून मुद्दाम करून घालतात.