उद्घाटनाला नका जाऊ, दुसऱ्या दिवशी दुपारी जा

"मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी आहे, आपल्या नागपुरात काय आहे बे?" असं म्हणणारे निम्मे लोक जहांगीरमध्येही ऊन लागलं म्हणूनच शिरलेले असतात.

सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, लोकमत भवनात जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी आहे. तिथे तिकीट काढून गेल्याचं मला तरी आठवत नाही. फक्त चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला जाऊ नका. शाल-श्रीफळ, भाषणं, मग चित्रांकडे पाठ करून फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारी दालनात चिटपाखरू नसतं. चित्रकार प्लास्टिकच्या खुर्चीवर, पुढ्यात अभिप्रायाची वही. "हे कसं केलंत?" एवढंच विचारा, अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

मी आधी विद्यार्थ्यांची प्रदर्शनं गाठतो. मागे एका पोराने संत्र्याच्या पेटीच्या फळ्या कोरून छापे काढले होते. विषय कळमना बाजारातले हमाल. लाकूड हलकं, त्यामुळे फळीच्या रेषा शाईत उतरलेल्या. एका हमालाच्या पाठीवर खिळ्याचं भोक पांढरं राहिलेलं. मी विचारलं, मुद्दाम ठेवलं का? म्हणाला, "नाही काका, खिळा उपटला तर फळीच चिरली. मग माणूसच तिथे सरकवला." हे ऐकल्यावर शेजारच्या भिंतीवरचे सात धावते घोडे बघवेनात. (घोडे विकले गेले होते. छापा एकही नाही.)

आणि परंपरा नाही म्हणता? चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडचे चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जाण्याआधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले. गावात याची साधी चर्चाही नसते.

दोष गॅलरीवाल्यांचाही आहे. एका दालनात (नाव घेत नाही) मी गेलो तेव्हा दिवे बंद. "कोणी आलं की लावतो." मग काचेवर असा झगझगाट, की चित्राऐवजी माझंच टक्कल दिसत होतं. पत्रिका छापायला पैसे असतात, दिव्यांची दिशा बदलायला शिडी नसते!

या शनिवारी दुपारी मी सिव्हिल लाइन्सला चाललोय. कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. पोरांना आणा, वहीत "छान" सोडून काहीतरी लिहायची तयारी ठेवा. नंतरचे तर्री पोहे माझ्याकडून.