आजी, वडाप आणि जादाचं शून्य

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली होती. ही बातमी मी घरात गेली ४४ वर्षं ताजी ठेवली आहे. पुढं ३१ वर्षं कोल्हापुरातल्या शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळं भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, आमच्या शॉर्ट फिल्मचा स्टोरीबोर्ड काढून द्या की," म्हणजे शूटिंगआधी एकेका शॉटची चौकट चितारून द्या, तेव्हा मी चहाचा कप हातात असतानाच हो म्हणालो. कप खाली ठेवून विचार केला असता तर पुढचे नऊ दिवस वाचले असते.

प्रसंग साधा होता. गावाकडची आजी रस्त्याकडेच्या शेडमध्ये वडापची, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या गाडीची, वाट बघते. वडाप येतं. जागा नसते, तरी आजी बसते. एवढंच. (हल्लीच्या पोरांच्या फिल्ममध्ये एवढंच असतं, आणि त्यालाच बक्षीस मिळतं.) चौदा चौकटींचं काम. कागदावर मी दुपारच्या झोपेआधी उरकलं असतं.

पण भाच्याला कागद नको होता. "कागद स्कॅन करा, कापा, डकवा, मध्येच एक शॉट घुसवायचा तर सगळे नंबर खोडा. सॉफ्टवेअरमध्ये चौकट ओढली की सरकती. लय सोपंय ओ, मामा."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत वेब स्मिथ नावाच्या माणसानं प्रसंगांची चित्रं सुट्या कागदांवर काढून फळ्यावर टाचण्यांनी लावली आणि तिथून ही पद्धत रुळली, असं सांगतात. म्हणजे चौकटी सरकवायची हौस जुनीच. फक्त टाचणी बोटात शिरली की काय चुकलं ते लगेच कळतं. सत्यजित राय यांनी तर 'पथेर पांचाली'साठी रीतसर पटकथेऐवजी चित्रांची वहीच केली होती. पण वही उघडल्यावर त्यांना वहीनं काही विचारलं नसणार. मला सॉफ्टवेअरनं उघडल्या उघडल्या विचारलं: आस्पेक्ट रेशो कोणता?

मला कागदाची मापं ठाऊक आहेत. हाफ इम्पिरियल, क्वार्टर इम्पिरियल. इथं चौकटीची रुंदी उंचीच्या किती पट, अशा आकड्यांची यादी होती. त्यातला २.३९:१ हा मला सगळ्यात अभ्यासू वाटला, म्हणून तोच निवडला. चौकट उघडली ती लांबलचक, नऊवारीसारखी. उभी आजी काढली की एक तर डोकं जायचं, नाही तर चपला. दोन्ही बाजूंना मात्र निम्मा करवीर तालुका बसेल एवढी जागा मोकळी. मी तीन तास तालुका भरत बसलो होतो. संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, आपली फिल्म १६:९ मध्ये आहे."

नव्यानं सुरू केलं. आता पेन. भाच्यानं एक काळी पाटी आणून दिली होती, तिला ग्राफिक टॅबलेट म्हणतात. पाटीवर काहीच उमटत नाही. हात टेबलावर चालवायचा आणि बघायचं समोरच्या स्क्रीनवर. ज्या माणसानं ३१ वर्षं "कागदाकडं बघ, खिडकीबाहेर काय आहे?" म्हणून पोरांचे कान पिळले, त्याला म्हातारपणी खिडकीबाहेर बघून चित्र काढायची पाळी आली. माझे काही जुने विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांनी समाधान करून घ्यावं. पहिला तासभर तर मी हात डावीकडं नेला की रेघ उजवीकडं जायची, वर नेला की खाली. मी मनाशी म्हटलं, असेल, डिजिटल आहे. शेवटी बायकोनं भाजी निवडता निवडता सांगितलं, "अहो, ती पाटी उलटी धरलीय तुम्ही."

खोक्यावर लिहिलं होतं की हे पेन दाबाच्या ८१९२ पातळ्या ओळखतं. मला आयुष्यात तीनच ठाऊक होत्या: फिकट, गडद आणि टोक मोडलं. पेन मात्र एकच ओळखत होतं. हळू टेका, जोरात टेका, रेघ तारेसारखी एकसारखी. भाच्याला फोन केला. "ड्रायव्हर टाकला नाही काय?" ड्रायव्हर म्हणजे पेनाचं म्हणणं कॉम्प्युटरला कळवणारं सॉफ्टवेअर. तो टाकला. मग जुना ड्रायव्हर काढला. मग पुन्हा नवा टाकला. याच गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला, आणि त्याच गावात ए ग्रेडवाल्या माणसाला पेन चालू करता येईना.

ड्रायव्हर बसल्यावर रेघ सुटली आणि मी लेअरपाशी अडकलो. कल्पना मला लगेच कळली होती. एकावर एक बटर पेपर ठेवायचे, एकावर खांब, दुसऱ्यावर आजी. फक्त आपण आत्ता कुठल्या बटर पेपरवर आहोत हे बोटाला कळत नाही. मी सगळंच एका लेअरवर काढलं होतं. मागचा खांब जरा जाड झाला म्हणून खोडला, तर आजीचं अर्धं डोकंही गेलं. मग अनडू. वर्गात खोडरबर मागणाऱ्याला मी उभं करायचो. इथं मी कंट्रोल आणि झेड इतक्या वेळा दाबलं की डोकं परत आलं, त्याआधीचा पदर गेला, मग बाक गेला, मग शेड गेली आणि शेवटी आजीच जन्माला यायची राहिली.

चौदा चौकटी पुऱ्या झाल्या सहाव्या दिवशी. भाच्यानं त्या बघितल्या. "मामा, तिसऱ्या शॉटला आजी उजवीकडं बघती, चौथ्याला डावीकडं. आपण लाइन क्रॉस केली."

"अरे, आजी तर बाकावर बसलीय. ती कशाला काय क्रॉस करेल?"

मग त्यानं समजावलं. आजीपासून वडापपर्यंत एक अदृश्य रेषा धरायची आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाही तर आजी वडापकडं पाठ करून वाट बघतेय असं वाटतं. हे मात्र मला मनापासून पटलं. चित्र उलटवायचं एक बटण होतं, ते दाबलं, आजी वळली. नऊ दिवसांत सॉफ्टवेअरनं माझं एवढं एकच ऐकलं.

आता अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे चित्रं ओळीनं सिनेमासारखी चालवून बघायची. चालवलं. आजी आली, बसली, वडाप आलं, भरलं, सुटलं. सगळं २८ सेकंदांत. आमच्या जिल्ह्यात वडाप इतक्या लवकर भरून सुटल्याचं मी तरी बघितलेलं नाही. प्रत्येक चौकटीला सॉफ्टवेअरनं आपसूक दोन सेकंद दिले होते. म्हणून वाट बघणाऱ्या आजीच्या चौकटीत मी २० टाकले. पुन्हा चालवलं, तर आजी गायबच! ते खातं मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांचं होतं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २० मिलिसेकंद म्हणजे निम्मी फ्रेमसुद्धा होत नाही. मग मी शून्यं वाढवली. किती वाढवली ते चष्मा कपाळावर असल्यामुळं नीट दिसलं नाही.

रविवारी भाच्याची सगळी टोळी आमच्या हॉलमध्ये बसली. अ‍ॅनिमॅटिक लावलं. आजी बाकावर बसली आणि बसूनच राहिली. एक मिनिट झालं. कुणी बोलेना. मला वाटलं कॉम्प्युटर अडकला, पण खालचा काटा पुढं सरकत होता. दुसऱ्या मिनिटाला बायको पोहे घेऊन आली आणि ताटली हातात धरून उभीच राहिली. तीन मिनिटं आणि वीस सेकंदांनी वडाप आलं, तेव्हा कॅमेरामन पोरगा डोळे पुसत म्हणाला, "सर, काय पेशन्स आहे हो तुमचा. फेस्टिव्हलला पाठवू या हे." मी मान हलवली. भाच्यानं मागं जाऊन गुपचूप एक शून्य काढलं.

शूटिंगच्या दिवशी उन्हात लॅपटॉपचा स्क्रीन काळाठिक्कर. कुणालाच काही दिसेना. मग भाचा पळत जाऊन प्रिंट काढून आला, पानावर सहा चौकटी, तीन पानं. आणि मग दिग्दर्शकानं माझ्याकडं पेन्सिल मागितली. सातव्या चौकटीनंतर एक शॉट घुसवायचा होता. सगळे नंबर खोडून नवे लिहिले.

आजी बाकावर जाऊन बसल्या, कॅमेरा लागला. ठरवलेलं वडाप नऊला रिकामं यायचं होतं. ते सव्वादहाला आलं, आत चौदा माणसं, टपावर दोन पोती. "रिकामं कसं आणायचं ओ?" ड्रायव्हर म्हणाला, "वाटेत मानसं हात करत्यात."

भाचा माझ्याकडं वळला. "मामा, ते शून्य मी उगाच काढलं."