विसाव्याचा कार्यक्रम

विश्रांतीची रजा फसते कशी, हे वाचायचं असेल तर बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढावा. शिष्य गावोगाव सेवा करून दमून आलेत, जेवायलाही उसंत नाही. प्रभू येशू म्हणतात, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या. सगळे नावेत बसतात. लोक काठाकाठाने धावत त्यांच्याआधी तिथे पोचतात आणि सुट्टीची सांगता पाच हजार पुरुषांच्या पंगतीत होते. वाढपी कोण? रजेवरचेच!

झारखंडातून आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला सुट्टीवर येणाऱ्या आम्हा मिशनरी कुटुंबांना हा उतारा तोंडपाठ असतो. गाडीने नगर सोडलं की मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला निरोप येतो : 'सलाम! रविवारी साक्ष द्याल ना? दहाच मिनिटं.'

साक्ष म्हणजे तिकडच्या कामाचा अनुभव उपासनेत उभं राहून सांगणं. या दहा मिनिटांत काय काय असतं ते सांगायला हवं. उपासना नऊची, म्हणजे प्रोजेक्टर जोडायला आठला हजर. चर्चचा प्रोजेक्टर जुना, त्याला व्हीजीए लागतं, लॅपटॉपला एचडीएमआय. मधला जोड जवळ नसेल तर तरुण संघातला एखादा मुलगा 'आणतो लगेच' म्हणून जातो, तो थेट उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाच्या वेळी उगवतो. म्हणून जोड स्वतःचा ठेवावा आणि फोटो पेन ड्राइव्हबरोबर मोबाइलमध्येही ठेवावेत. फोटो बारापेक्षा जास्त नकोत. तेराव्या फोटोला मागच्या बाकावरचे काका घड्याळ बघतात, पंधराव्याला पाळकसाहेब. शिवाय तिकडच्या लोकांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय पडद्यावर टाकू नयेत. हे इथे कोणाला पटत नाही, कारण सगळ्यांना चेहरेच बघायचे असतात.

साक्ष झाली की गृहभेटी. मिशनरी आणि चहा हे प्रकरण पुण्याला जुनंच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. मग मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून एवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, माजलं की वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. आता उलटं झालंय. आता मिशनऱ्याने चहा नाकारला तर ग्रामण्य होतं. एका संध्याकाळी वानवडी, घोरपडी, खडकी धरून पाच घरं, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे झोपेपर्यंत पोटात दहा चमचे साखर आणि वर प्रत्येक घरचा चिवडा. 'अर्धाच द्या' म्हणून उपयोग नसतो, पुण्यात कप आधीच अर्धा असतो. त्यातल्या त्यात एकच उपाय चालतो : एका भागातली घरं एकाच घरी बोलवायची, प्रार्थना एकत्र, चहा एकदा. फक्त ते घर कोणाचं, यावर दोन कुटुंबांत अबोला धरला जातो.

इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ साली भारतात आले आणि १८३४ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला वारले. मधल्या एक्केचाळीस वर्षांत एकदाही घरी गेले नाहीत. मराठीचं व्याकरण आणि कोशही त्यांनी त्याच मुक्कामात छापला. उपदेशांत याला त्याग म्हणतात. मला वाटतं, घरी गेल्यावर काय होतं याची त्यांना कुणीतरी कल्पना दिली असावी.

रजेची खरी शिस्त बायबलातल्या एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत आहे. तो झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं. 'इथे काय करतोस?' ही चौकशी झाली ती चाळीस दिवसांनी, डोंगरावर. आमच्याकडे चौकशी आधी, भाकर नंतर. म्हणून आल्या आल्या, कोणालाही भेटण्याआधी, तीन-चार रात्री बाहेर काढाव्यात. पाचगणी, महाबळेश्वर, नाहीतर ओळखीच्या कोणाची रिकामी खोली. हे शेवटच्या आठवड्यावर ढकललं की संपलंच. तो आठवडा पावत्या जुळवण्यात आणि निरोपसमारंभात जातो.

तब्येतीचंही तसंच, पहिल्या आठवड्यातच उरकावं. रूट कॅनालला दोन-तीन बैठका लागतात, वर कॅप यायला आणखी दिवस. उशिरा सुरू केलं तर अर्धा दात घेऊन परत जायचं. ताप आला तर पुण्यातले डॉक्टर आधी डेंग्यू तपासतात, तेव्हा मलेरियाच्या भागातून आलोय हे नाव सांगायच्या आधी सांगावं. व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उलटतो. त्यावरच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात आणि त्याआधी जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या विकराची तपासणी, नाहीतर काहींच्या तांबड्या पेशी फुटतात. पाचव्या दिवशी बरं वाटतं, सहाव्या दिवशी कोणाच्या तरी बारशाचं जेवण असतं आणि गोळ्या राहतात. मलेरियाला मात्र तारीख लक्षात असते.

मुलांची सुट्टी तर कोणी धरतच नाही. 'तिकडच्या मुंडारी भाषेत एक गाणं म्हणून दाखव' अशी फर्माईश झाली की पोरगं आईच्या पदराआड जातं आणि आई त्याला पुढे ढकलते. ढकलू नये. त्याला खाली वाड्यातल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळू द्यावं. चेंडू हरवला की मराठी आपोआप येतं.

परतीच्या आदल्या रात्री 'तिकडच्या गरिबांसाठी' म्हणून सामान यायला लागतं. लग्नातले सूट, लोकरीचे स्वेटर, एका पायाचे बूट, १९९८ची डायरी, कोरीच. स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, लहान मुलाच्या अर्ध्या तिकिटावर निम्मं. चिवडा, लोणचं आणि औषधं धरली की स्वेटरना जागा उरत नाही. जास्तीचं आधीच पार्सल ऑफिसात तोलून बुक करावं. गाडीत पकडलं तर दंड पडतो. सगळं बांधून झाल्यावर एक काका हार्मोनियम घेऊन येतात. ती मांडीवर ठेवली तर सामानात धरत नाहीत, असं ते खात्रीने सांगतात. टीसीचं मत वेगळं असतं.