मंगळवारचे लॅटिन

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या धाकट्या दिरांनी गेल्या महिन्यात मारलेला एक टोमणा अजून माझ्या मनातून जात नाही. "वहिनी, इथं सरकारनं पोरांना मनाचे श्लोक पाठ करायला सांगितले तेव्हा तुम्ही केवढं लेक्चर दिलं होतं! आता तुमची लेक तिकडं चर्चमध्ये बसून लॅटिन घोकते, ते बरं चालतं?" खाली सोलापूरपासून ठाण्यापर्यंतच्या नातेवाइकांचे अंगठे होते.

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला, तेव्हाचा हा हिशेब आहे. त्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि भगवद्गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची सूचना होती आणि एका प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतला श्लोक होता. त्यावरून उठलेल्या गदारोळात मीही इथे अमेरिकेत बसून हिरिरीने उतरले होते आणि कोणाच्या मुलाने कोणते श्लोक म्हणावेत हे ठरवणे सरकारचे काम नव्हे, असे तीन लांबलचक संदेश लिहिले होते. भावजींनी ते जपून ठेवले असतील, अशी कल्पना मला नव्हती.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत राहतो. माझी चौदा वर्षांची मुलगी होमस्कूलिंग करते, म्हणजे शाळेत न जाता घरीच शिकते, आणि दर मंगळवारी पावणेनऊ वाजता मी तिला एका बॅप्टिस्ट चर्चच्या मागच्या इमारतीत को-ऑपच्या, म्हणजे घरी शिकवणाऱ्या पालकांनी मिळून चालवलेल्या गटाच्या, वर्गाला नेते. रविवारी जिथे लहानग्यांची संडे स्कूल भरते त्याच खोल्यांत, भिंतीवर रंगवलेल्या नोहाच्या नौकेखाली, बुटक्या खुर्च्या बाजूला सारून अकरा मुले बसतात. झेंड्याला वंदन आणि प्रार्थना झाली की लॅटिन, मग तर्कशास्त्र, मग निबंध, आणि जेवणानंतर नकाशा व विज्ञान, असा दिवस जातो. शिकवणाऱ्या सगळ्या मुलांच्या आयाच आहेत. त्यांच्यातली एक पूर्वी परिचारिका होती आणि एकीने वकिली सोडलेली आहे. उरलेले चार दिवस मुले घरी टेबलाशी बसून तोच अभ्यास करतात आणि पुढच्या मंगळवारी उभे राहून तो सगळ्यांसमोर मांडतात. गेल्या वर्षअखेरीस माझ्या मुलीने कोऱ्या कागदावर, समोर काहीही न ठेवता, सगळ्या जगाचा नकाशा काढून त्यात देश आणि राजधान्या भरल्या. अझरबैजान नेमके कुठे आहे हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिच्याकडून कळले.

व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन युरोपातली त्रयी या साऱ्याच्या मुळाशी आहे. डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्रज बाईंनी १९४७ मध्ये ऑक्सफर्डला एक निबंध वाचला आणि त्यात हे तीन विषय मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जोडले. पहिला टप्पा पोपटाचा असतो, तेव्हा मुलांना पाठ करण्यात खरोखर आनंद वाटतो. दुसरा उलट उत्तरे देण्याचा, तेव्हा त्यांच्या हाती तर्कशास्त्र द्यावे. आणि तिसरा कविमनाचा, तेव्हा त्यांना बोलायला शिकवावे. (बाईंचा स्वतःचा मुलगा मात्र नात्यातल्या बहिणीने वाढवला, ही गोष्ट आमच्या को-ऑपमध्ये कोणी फारशी काढत नाही.) हा निबंध अमेरिकेत डग्लस विल्सन या पाद्र्याने उचलून धरला आणि १९८१ मध्ये आयडाहोतल्या मॉस्को गावी त्याबरहुकूम शाळा उभी राहिली. गुलामगिरी सौम्य करून दाखवणारी एक पुस्तिका १९९६ मध्ये याच विल्सन यांनी एका सहलेखकाबरोबर लिहिली आणि इतिहासकारांनी तिचे वाभाडे काढले, हेही इथेच सांगून टाकते, नाहीतर भावजी शोधून काढतील. पुढे १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ली बॉर्टिन्स यांनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ही कल्पना आठवड्याच्या एका दिवसात बसवली. आमचा को-ऑप त्यांच्या संस्थेचा नाही, पण साचा तोच आहे.

मराठीत 'पोपटपंची' हा शब्द आपण फक्त हिणवण्यासाठी वापरतो. त्या मसुद्यावरच्या वादात एक बाजू पाठांतराला संस्कार म्हणत होती आणि दुसरी पोपटपंची म्हणत होती, पण पाठ झालेल्या गोष्टीवर मुलाने दोन वर्षांनी प्रश्न विचारला तर त्याचे काय करायचे, याविषयी मी कोणालाही बोलताना ऐकले नाही. स्वतःलाही नाही, हे आता वाचताना लक्षात येते.

आणि मला टोमणा मारणारे तरी कोण? भावजींनी मुलाला लातूरला हॉस्टेलवर ठेवले आहे. त्याचे नाव एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर आहे, जिथे तो प्रॅक्टिकल आणि परीक्षेपुरता जातो. बाकीचा दिवस क्लासमध्ये, नीटच्या १८० प्रश्नांच्या आणि ७२० गुणांच्या तयारीत जातो. माझ्या मुलीच्या शिक्षणाला भावजी "सतरा नंबरचा फॉर्म भरल्यासारखंच की" असे म्हणतात, तेव्हा शाळेबाहेर नक्की कोणाचा मुलगा आहे, असे विचारण्याचा मोह मला होतो. पण असे लिहिताना मी पुतण्यावर अन्याय करते आहे. सगळ्या ग्रुपमध्ये लॅटिनविषयी खरा प्रश्न त्यानेच विचारला. आंब्याला जीवशास्त्राच्या पुस्तकात 'मँजिफेरा इंडिका' का म्हणतात, 'इंडिकस' का नाही, असे त्याने मुलीला विचारले. पहिला शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी झाले, असे तिने सांगितले आणि मग दोघे अर्धा तास झाडांची नावे सोडवत बसले.

भावजींना माझे पहिले उत्तर कायद्याचे आहे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लीपर खटल्यात घरची शाळा ही खासगी शाळाच होय, असा निर्णय दिला. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगले नागरिकत्व एवढे शिकवावे, बाकी कोणी तपासायला येत नाही आणि नोंदणीही करावी लागत नाही. चर्चमध्ये मुलीला मी माझ्या मर्जीने पाठवते, सरकार पाठवत नाही, हा तो फरक.

हे लिहिताना मी सोयीचे तेवढेच टेक्सास दाखवते आहे, हे मला कळते. याच राज्याच्या शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध सात मतांनी, बायबलमधल्या कथा असलेला प्राथमिक अभ्यासक्रम सरकारी शाळांसाठी मंजूर केला. तो घेणे ऐच्छिक असले तरी घेणाऱ्या शाळांना जादा पैसे मिळतात. २०२५ मध्ये सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावण्याचा कायदा झाला आणि तो लगेच न्यायालयात गेला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने घरी शिकणाऱ्या मुलासाठी वर्षाला २,००० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली, तेव्हा आमच्या को-ऑपमधल्या निम्म्या आया "पैसा आला की मागोमाग तपासनीस येणार" म्हणून कडाडून विरोधात गेल्या. पक्क्या धार्मिक बायकांनी सरकारला आपल्या धर्मापासून लांब राहायला सांगावे, हे दृश्य मला फार आवडले. दहा आज्ञांच्या वेळी त्यातल्या बहुतेक गप्प होत्या, हे मी ग्रुपवर लिहिलेले नाही.

मर्जीचा मुद्दा मी मोठ्या अभिमानाने मुलीलाही ऐकवला. तिने तो ऐकून घेतला आणि शांतपणे विचारले, "कुणाच्या मर्जीनं? कागदावर सही तू केलीस, मी नाही." सोलापूरच्या शाळेतल्या मुलाला श्लोक जेवढे सक्तीचे, तेवढेच तिला लॅटिन सक्तीचे आहे, फक्त सक्ती करणारी आई आहे, असा तिचा मुद्दा होता. गृहीतक तपासायला त्यांना मंगळवारीच शिकवतात.

तो कागद म्हणजे को-ऑपच्या श्रद्धेचे निवेदन. पालकांनी ते वाचले आहे आणि त्या दृष्टीने शिकवले जाईल हे त्यांना मान्य आहे, एवढीच सही आमच्यासारख्यांकडून हवी असते, आणि ती मी पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून दोन मिनिटांत केली. शिकवणाऱ्यांना मात्र ते निवेदन आपले म्हणून स्वीकारावे लागते. को-ऑपमध्ये प्रत्येक घराने काम उचलायचे असते. मी शिवाजी विद्यापीठाची गणितातली एम.एस्सी. आहे आणि माझ्याकडे जेवणाच्या खोलीची देखरेख व टेबले पुसण्याचे काम आहे. नियम त्यांचा आहे, तो मला आधी सांगितला होता, आणि त्यात गैर काही नाही, असे मी नवऱ्याला दर आठवड्याला सांगते. तो काही विचारत नसतानाही सांगते.

याच बायका, बाबा मिरजेच्या दवाखान्यात होते तेव्हा, त्यांचे नाव चुकीचे उच्चारत रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करत होत्या आणि आमच्या दाराशी झाकलेली कॅसरोल ठेवून जात होत्या. त्यातल्याच एकीने एकदा माझ्यासोबत टेबल पुसता पुसता, मेल्यानंतर मी कुठे जाणार याचा विचार केला आहे का, असे अतिशय मायेने विचारले. मला राग आला नाही. मिरजेत शेजारच्या काकू सोळा सोमवार का करत नाहीस असे याच सुरात विचारत. प्रार्थनेच्या वेळी मात्र हात कुठे ठेवावेत हे मला तीन वर्षांनीही कळलेले नाही, आणि भावजींशी मनातल्या मनात भांडताना मी 'आमचा को-ऑप' म्हणते.

बाबांनी तीस वर्षे माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवले. मुले गुणांसाठी विषय घेत आणि अकरावीत सोडत. मीही ९६ गुण मिळवून सोडला. एका संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत 'मेन्सा, मेन्साय' अशी लॅटिन शब्दाची रूपे चालवत होती, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप 'रामः रामौ रामाः' निघाले आणि तृतीयेशी अडकले. "पुढे?" ती म्हणाली. पुढचे मला येईना. शेवटी मिरजेला फोन लावला. बाबांनी दम लागत असतानाही सगळ्या विभक्ती सलग म्हणून दाखवल्या आणि तिने त्या लॅटिनच्याच वहीत उतरून घेतल्या. त्यांच्याकडे लॅटिनमध्ये सहा आहेत आणि आपल्याकडे संबोधन धरून आठ, म्हणून ती खूश झाली. तिने 'आपल्याकडे' म्हटले, म्हणून मीही झाले. पण तो फोन मी आधी कधी लावला नव्हता, हेही खरे आहे. मनाच्या श्लोकांवर तीन संदेश लिहिणाऱ्या बाईने मुलीला त्यातला एकही श्लोक शिकवलेला नाही.

एप्रिलमध्ये बीजगणित शिकवणाऱ्या बाईंची बदली टेनेसीला झाली. को-ऑप चालवणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की, तुम्ही शिकवलेत तर मुलांचे भाग्य. फक्त शिकवणाऱ्यांसाठीचा तो दुसरा कागद तेवढा वाचून बघा. तो पाच आठवडे आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात, कूपनांखाली पडून होता. मग मी तो सही न करता परत दिला. त्यांनी माझा हात हातात घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि बीजगणिताचा तास व्हिडिओवर सुरू झाला.

व्हिडिओला शंका विचारता येत नाही. त्यामुळे दर मंगळवारी पावणेबाराला, मी टेबले पुसायच्या आधी, तीन-चार मुले सँडविच हातात धरून माझ्याकडे येतात आणि मी त्यांना कागदी प्लेटच्या मागच्या बाजूवर वर्गसमीकरणे सोडवून दाखवते. अजून कोणी हरकत घेतलेली नाही. गेल्या आठवड्यात सात प्लेट लागल्या.